रुजण्याआधीचे आठ तास

रायगडातल्या माणसाला बी कसं रुजतं हे शिकवावं लागत नाही. ते त्याच्या स्वयंपाकघरात वरचेवर घडत असतं. वाल पाण्यात टाकायचे, फुगले की उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, उबेला ठेवायचे आणि मोड आले की कोमट पाण्यात घालून सोलायचे. बिरडं तयार. थंडी जास्त असेल तर मोड उशिरा येतात, दाणा जुना असेल तर अर्धे गणंग निघतात, फडकं सुकलं तर मोड आखडतात आणि पाणी साचलं तर वास मारतो. पाणी, हवा, ऊब आणि वेळ या चार गोष्टींचा हिशेब घरातल्या आजीला वनस्पतिशास्त्र न शिकताही पक्का ठाऊक असतो.

शेतात मात्र हे फडकं बांधता येत नाही. पेण आणि रोहा तालुक्यांत भाताची कापणी उरकली की त्याच खाचरात वाल पडतो. त्याला पाणी देत नाहीत. पावसाळ्याची जी ओल जमिनीच्या पोटात उरलेली असते, तिच्यावरच तो रुजायचा, वाढायचा आणि जानेवारीत पोपटीच्या, म्हणजे शेंगा भाजायच्या, मडक्यापर्यंत पोचायचा. ही ओल वरून सुकत खाली जाते. बियाचं मूळ तिच्या मागोमाग खाली उतरलं तर पीक साधतं. मूळ मागे पडलं आणि ओल पुढे गेली, तर रोप दोन पानांवरच करपतं. कोकणातल्या रब्बीची ही शर्यत पहिल्या आठ-दहा दिवसांत ठरते. म्हणून इथे ‘किती बी उगवलं’ याच्याइतकाच ‘किती वेळात उगवलं’ हाही प्रश्न असतो.

उगवण फसली की बोट पहिल्यांदा पाकिटाकडे जातं. बियाणं बोगस, कंपनीने फसवलं, दुकानदाराने जुना माल खपवला. कित्येकदा ते खरंही असतं, आणि त्यासाठी कायदाही आहे. १९६६च्या बियाणे कायद्याखाली भेंडीची किमान ६५ टक्के, मिरचीची ६०, टोमॅटो आणि वांग्याची ७० टक्के उगवण झाली पाहिजे असं ठरलेलं आहे. पण ही उगवण मोजली जाते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ कागदावर किंवा वाळूत. पाकिटातलं बी परीक्षेला बसतं, ज्या मातीत ते पडणार ती बसत नाही. गेल्या काही वर्षांत त्या मातीत एक नवा घटक मिसळला आहे. त्याची नोंद ना बियाण्याच्या पाकिटावर असते, ना सातबाऱ्यावर.

समुद्रातल्या प्लास्टिकच्या बारीक कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ हे नाव रूढ केलं ते इंग्लंडमधल्या प्लायमथ विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांनी, २००४ साली. पाच मिलिमीटरपेक्षा लहान ते सगळं मायक्रोप्लास्टिक, अशी साधारण व्याख्या आहे. पुढची आठ-दहा वर्षं सगळं लक्ष मासे, कासवं आणि समुद्रपक्ष्यांवर होतं. मातीकडे बघा, असं २०१२मध्ये बर्लिनच्या मथियास रिलिग यांनी सुचवलं. हा उशीर चमत्कारिक म्हटला पाहिजे, कारण प्लास्टिक समुद्रात पोचतं ते बहुतांशी जमिनीवरूनच. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०२१च्या अहवालात आकडा दिला: शेती आणि पशुपालनात दरवर्षी सव्वा कोट टन प्लास्टिक वापरलं जातं. त्यातलं किती परत गोळा होतं, याचा अनुभव ज्याच्या बांधावर मल्चिंग पेपरच्या चिंध्या फडफडतात त्याला विचारावा.

आता बियाकडे येऊ. या विषयातला सर्वांत उद्बोधक प्रयोग २०१९ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे झाला, आणि योगायोग असा की त्यासाठी निवडलेलं बी आपल्या बाळंतिणीच्या लाडवातलं, म्हणजे अळीव. विषारीपणाच्या चाचण्यांमध्ये अळीव जगभर वापरतात, कारण ते झटपट रुजतं. अळीव पाण्यात घातलं की त्याच्याभोवती बुळबुळीत चीक फुगतो हे आपण पाहिलेलं असतं. तो चीक आणि खालचं साल यांतल्या बारीक छिद्रांतून पाणी आत जातं. लायडनच्या संशोधकांनी अळिवाच्या बिया प्लास्टिकचे सूक्ष्म मणी घातलेल्या पाण्यात ठेवल्या. मणी तीन आकारांचे होते: ५०, ५०० आणि ४८०० नॅनोमीटर. यातला सर्वांत मोठासुद्धा पाच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही.

आठ तासांनी मोजणी झाली. साध्या पाण्यातल्या ७८ टक्के बिया रुजल्या होत्या. मोठ्या मण्यांचं प्रमाण जिथे सर्वांत जास्त होतं तिथे फक्त १७ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली कारणही दिसलं. मणी बियाच्या सालावरच्या छिद्रांत जाऊन बसले होते आणि पाण्याची वाट अडली होती. विष वगैरे काही नाही, निव्वळ रस्ता अडवणं.

मात्र चोवीस तासांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन्हीकडची उगवण सारखीच भरली. मुळांच्या लांबीत त्या वेळी फरक होता, तोही ४८ आणि ७२ तासांनी राहिला नाही. रोपं मोठी होत गेली तसे कण मुळांवरच्या केसांसारख्या तंतूंवर साचलेले दिसले. बातम्यांमध्ये पहिला आकडा गाजतो आणि दुसरा गाळला जातो, म्हणून दोन्ही इथे दिले. प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीत पाणी संपत नाही. ऊनही वाढत नाही. तिथे मागे पडलेलं बी दुसऱ्या दिवशी बरोबरी गाठू शकतं. रोह्याच्या खाचरात, नोव्हेंबरअखेरच्या कोरड्या वाऱ्यात, ही सवलत नसते. लायडनचा निष्कर्ष ‘तात्पुरता परिणाम’ असा वाचता येतो, आणि ओलीवरच्या शेतीत तात्पुरता उशीर हाच मोठा तोटा असतो असाही. मी दुसऱ्या वाचनाच्या बाजूचा आहे. अळिवाचं सोळा तासांनी भागलं. वालाला, पावट्याला, मातीखाली दोन-तीन बोटं गेलेल्या भेंडीला तेवढ्यावर भागेलच, असं धरून चालता येत नाही.

रुजल्यानंतरची गोष्ट थोडी वेगळी आहे. बियातून पहिलं मूळ निघतं, त्याच्या टोकाशी चिकट आवरण असतं, मागे बारीक तंतू फुटतात आणि मग बाजूची मुळं मुख्य मुळाची साल फाडून बाहेर येतात. या फाटलेल्या जागा काही काळ उघड्या असतात. चीनच्या यानताई इथल्या किनारी प्रदेशाच्या संशोधन संस्थेत गहू आणि लेट्यूसवर झालेल्या प्रयोगात याच भेगांतून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आत शिरल्याचं आणि पाण्याबरोबर वर चढल्याचं दिसलं. हा निबंध २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीचं मूळ इतके मोठे कण आत घेणार नाही, अशी तोवर समजूत होती. समजूत मुळाच्या टोकापुरती बरोबर होती, कारण तिथला पहारा कडक असतो. भेगेवर पहारा नसतो.

बर्लिनमध्ये २०१९ साली पातीच्या कांद्यावर सहा प्रकारचं प्लास्टिक वापरून प्रयोग झाला. पॉलिएस्टरच्या धाग्यांनी मातीची घनता कमी केली, पाणी धरून ठेवण्याची तिची रीत बदलली आणि मुळांचा पसारा वाढवला. नायलॉनच्या जातीच्या मण्यांनी पातीतलं नत्र वाढवलं. म्हणजे परिणाम आहे, पण तो प्रत्येक वेळी वाईटच दिसतो असं नाही. पॉलिएस्टर घातल्याने मुळं वाढली म्हणून खत समजून ते टाकायला कुणी निघू नये, एवढंच. मुळं वाढणं हे कधी कधी झाडाच्या अडचणीचंही लक्षण असतं.

त्याच वर्षी केंब्रिजच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठात गवताच्या बियांवर आणि गांडुळांवर एकत्र प्रयोग झाला. कपड्यांतून निघणारे कृत्रिम धागे मातीत असताना सहा टक्के कमी बिया रुजल्या. मक्यासारख्या पदार्थांपासून बनणारं ‘जैविक’ म्हणवणारं पीएलए प्लास्टिक घातलं तेव्हा सात टक्के कमी. पाण्याच्या बाटलीच्या टोपणाचं वगैरे जे कडक पॉलिथीन असतं, त्यात राहिलेल्या गांडुळांचं वजन सुमारे तीन टक्के घटलं. स्वच्छ मातीतल्या गांडुळांचं पाच टक्के वाढलं होतं. ‘विघटनशील’ अशी हिरवी अक्षरं छापलेल्या पिशव्या बिनधास्त उकिरड्यात टाकणाऱ्यांनी पीएलएचा आकडा लक्षात ठेवावा.

इथे एका आक्षेपाला उत्तर देणं भाग आहे. प्रयोगशाळेत घातलं जाणारं प्लास्टिक आपल्या शेतात असतं का? कागद-पेन घेऊन बसलं की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला तर माती भरते साधारण २० टन. बर्लिनच्या प्रयोगात बहुतेक प्लास्टिकचं प्रमाण दोन टक्के होतं. गुंठ्याला ४०० किलो! एवढं प्लास्टिक शेतात नसतं, कचराभूमीवर असतं. सिडनीतल्या एका औद्योगिक भागातल्या मातीत ते ६.७ टक्क्यांपर्यंत सापडलेलं आहे, पण तिथे कुणी मेथी पेरत नाही. हा आक्षेप अर्धा तरी मान्य केला पाहिजे.

आता केंब्रिजचा हिशेब लावा. तिथे कपड्याच्या धाग्यांचं प्रमाण किलोभर मातीला दहा मिलिग्रॅम होतं. गुंठ्याला ते होतात २०० ग्रॅम. एका सिंथेटिक साडीच्या वजनापेक्षा कमी.

मल्चिंगचाही हिशेब करून पाहू. कलिंगडाला नि भाज्यांना जो चंदेरी-काळा कागद अंथरतात, तो साधारण २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा. पंचवीसचा धरला तर चौरस मीटरला २३ ग्रॅम. गुंठ्यातले वाफेच तेवढे झाकले तरी दीड किलोच्या आसपास कागद लागतो. हंगाम संपल्यावर शेतकरी तो ओढून काढतो. काढताना कडेचा, मातीत दाबलेला भाग तुटून राहतो. दहावा हिस्सा राहिला असं धरलं तरी दर हंगामाला गुंठ्यामागे दीडशे ग्रॅमच्या आसपास भर. सात हंगामांत एक किलो. चीनमध्ये मल्चिंगच्या राहिलेल्या तुकड्यांवर झालेले अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा हेक्टरी १०० किलो तुकड्यांमागे उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी, आणि मुळांचं वजन पाच टक्क्यांनी घटतं असं निघालं. हेक्टरी १०० किलो म्हणजे गुंठ्याला बरोबर एक किलो.

तीन टक्के हा आकडा शेतकऱ्याच्या नजरेत भरणार नाही. पावसाने, किडीने, व्यापाऱ्याने याहून कितीतरी जास्त नेलेलं असतं. पण पाऊस पुढच्या वर्षी चांगला होतो, भावही कधी तरी मिळतो. मातीत गेलेला प्लास्टिकचा तुकडा पुढच्या वर्षी कमी होत नाही, फक्त आणखी बारीक होतो.

चीनला हे कळायला तीस-पस्तीस वर्षं लागली. तिथे अतिशय पातळ कागद वापरला गेला, तो काढता येईना, आणि शेतं पांढऱ्या चिंध्यांनी भरली. अखेर २०१८पासून कागदाची किमान जाडी ०.००८वरून ०.०१ मिलिमीटर करावी लागली. आपल्याकडचा कागद त्याच्या दुपटीहून जाड आहे ही जमेची बाजू. पण एकच कागद दोन हंगाम ओढायचा मोह, एप्रिल-मेचं ऊन आणि पहिल्या पावसाआधी काढायचं राहून जाणं, यांनी जाडीचा फायदा संपतो. कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या मल्चिंगच्या शेतांतली माती दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ने मणिपालच्या तंत्रज्ञान संस्थेबरोबर तपासली, तेव्हा तिच्यात मायक्रोप्लास्टिक सापडलंच.

पेण-रोह्याकडे या नजरेने पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. बहुतेक गावांत प्लास्टिक बाहेरून येतं; इथे ते तयारही होतं. नागोठणे हे रोहा तालुक्यातलं, अंबा नदीकाठचं गाव. तिथल्या पेट्रोकेमिकल संकुलात, जे मूळ सरकारी आयपीसीएलचं आणि आता रिलायन्सचं आहे, नैसर्गिक वायूपासून पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दाणे बनतात. देशभरातल्या पिशव्या, गोण्या, पाइप आणि मल्चिंगचे कागद अशाच दाण्यांतून निघतात. या मातीतल्या माणसांना तिथे नोकऱ्या मिळाल्या, हेही तितकंच खरं. कारखान्याला शिव्या घालून प्रश्न सुटत नाही, कारण गोणी आपणच विकत घेतो आणि ती आपल्याच बांधावर कुजायची वाट बघत पडते.

मातीपर्यंतच्या वाटा बऱ्याच आहेत. सर्वांत जवळची मोरीतून जाते. परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ ही कोकणातली जुनी, शहाणी पद्धत. पूर्वी त्या पाण्यात राख आणि शिकेकाई जायची. आता कपडे पॉलिएस्टरचे. प्लायमथमध्येच २०१६ साली झालेल्या मोजणीत सहा किलो कृत्रिम कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक धागे निघू शकतात असं दिसलं. ते यंत्रातल्या धुण्याचं मोजमाप होतं, दगडावर आपटलेल्या लुगड्याचं नाही. पण धागा तोच. अळवाला त्याने काय होतं हे सोडा, त्याच परसात मिरची-वांग्याचा वाफा टाकला जातो, आणि केंब्रिजच्या बियांना अडवणारा ऐवज नेमका हाच होता.

दुसरी वाट उकिरड्याची. शेणखतात हल्ली शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशवीचे कोपरे हमखास निघतात. राब भाजायला टाहळी, पाला, शेण, गवत गोळा करताना त्यात पिशव्या आल्या तर त्या जळून नाहीशा होतात असा समज आहे. थोड्या जळतात, बाकीच्या वितळून काळ्या गुठळ्या होतात, आणि त्यावरच भाताचं रोप पेरलं जातं. प्लास्टिक जाळल्याने निघणारा धूर हा आणखी वेगळा विषय.

तिसरी वाट महामार्गाची. मुंबई-गोवा रस्ता पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा दोन्ही तालुक्यांमधून जातो. टायर झिजून उडणारी काळी भुकटी हाही मायक्रोप्लास्टिकचाच प्रकार मानला जातो. चौपदरीकरणाचं काम २०११पासून सुरू आहे. रस्ता पुरा होईना, टायर मात्र खड्ड्यांत दुप्पट झिजतात. त्याच रस्त्याच्या कडेला वडखळच्या आसपास काकड्या आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला लागतात.

पेणची म्हणून आणखी एक वाट आहे. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातल्या गणपतीच्या कारखान्यांची चर्चा नेहमी प्लास्टर ऑफ पॅरिसभोवती फिरते. प्लास्टर म्हणजे जिप्सम, ते प्लास्टिक नव्हे. पण वरचा रंग पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा आणि चमकी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असते. युरोपने सुटी प्लास्टिक चमकी १७ ऑक्टोबर २०२३पासून विक्रीतून काढली. मूर्तिकारांच्या पोटावर पाय न आणता निदान चमकीपुरता विचार पेणने करायला हरकत नाही. शाडूच्या मूर्तीला ती फारशी शोभतही नाही.

सर्वांत मोठी वाट पाण्याची. मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत उतरतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जातं आणि रोह्याच्या उन्हाळी भाजीला जीवदान देतं. कालवा वस्तीतून जाताना जे जे उचलतो ते शेतात आणून सोडतो. पावसाळ्यात कुंडलिका आणि अंबा पात्राबाहेर आल्या की गाळ पसरतो. गाळ पूर्वी फुकटचं खत होता. आता त्याच्याबरोबर पिशव्या येतात, आणि कुंपणाला लटकलेल्या त्या पिशव्या पाहूनच पुराची उंची कळते.

पेणच्या खारेपाटात हे सगळं उलट दिशेने घडतं. वाशी, शिर्की, वढाव, दिव हा पट्टा खाडीला बांध घालून मिळवलेला आहे. धरमतरच्या खाडीतून भरती दिवसातून दोनदा बांधाला येऊन टेकते. बांध शाबूत असेल आणि उघाडीची दारं नीट मिटत असतील तर खारं पाणी बाहेर राहतं. बांध फुटला की ते शेतात शिरतं. नारवेल-बेनवले भागातल्या शेतकऱ्यांनी हे सोसलेलं आहे. शेतात आलेली भरती परत जाते तेव्हा तरंगणारा कचरा भाताच्या धसकटांत अडकून राहतो. पुढच्या उन्हात तो ठिसूळ होतो आणि नांगराखाली मोडतो. समुद्रातलं प्लास्टिक म्हणून ज्याचे अहवाल निघतात, तेच इथे शेतातलं प्लास्टिक होऊन बसतं.

खारेपाटाला आधीच एक अडचण आहे, मिठाची. पावसाने धुतलेलं मीठ डिसेंबरनंतर बाष्पीभवनाबरोबर पुन्हा वर येतं. खाऱ्या ओलीतून पाणी ओढायला बियाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून उगवण उशिरा आणि विरळ होते. पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र अशा जमिनीत टिकतील असे भाताचे वाण देत आलं आहे. पनवेल-१, २, ३ ही नावं इथे माहितीची. भाजीला असा आधार कमी. शेततळ्यातलं पावसाचं पाणी पुरवून बांधावर भेंडी, दुधी घ्यायची, एवढंच जमतं. ज्या गावांना उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी झगडावं लागतं, तिथे भाजीला दुसरं गोडं पाणी कुठून आणायचं? अशा जमिनीत बियाच्या तोंडाशी मीठ आणि सालावर प्लास्टिक, अशी दुहेरी अडवणूक झाली तर लायडनचे आठ तास किती लांबतील, हा प्रश्न नेदरलँड्सने आपल्यासाठी सोडवायचा नाही. तो पनवेलने आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हाती घ्यावा.

याच पट्ट्याची एक आठवण करून द्यावीशी वाटते. महामुंबई सेझ या नियोजित विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर सरकारने जनमत घेतलं होतं. लोकांनी जमीन राखली. इतक्या जिद्दीने राखलेली माती मूठ मूठ करून पिशव्यांना द्यायची, हे काही बरं नाही.

राहता राहिलं खुद्द बी. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याला गुलाबी, हिरवा, निळा लेप असतो. त्यात रंग असतो, बुरशीनाशक असतं, आणि हे सगळं चिकटून राहावं म्हणून पुष्कळदा पॉलिमर असतं. म्हणजे काही बिया मातीत पडायच्या आधीच प्लास्टिकचा झिरझिरीत अंगरखा घालून येतात. हा लेप उगवणीला मारक नसतो, उलट रोपाचं रोगापासून रक्षण करतो. पण तो मातीत राहतो. युरोपीय संघाने मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर जे बंधन आणलं, त्यात बियाण्यांच्या लेपांना वापरानुसार २०२८ ते २०३१ अशी मुदत दिली आहे. तोवर कंपन्यांनी कुजणारा लेप शोधायचा. युरोपसाठी शोधलेला लेप आपल्या बाजारातल्या पाकिटांवरही आलाच पाहिजे, हे आपल्या कृषिखात्याने आताच बजावून सांगावं. नाही तर तिकडे चालेनासा झालेला लेप इकडे स्वस्तात येईल, हा अनुभव नवा नाही.

शेतकऱ्याला करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं फार थोडं खर्चिक आहे. भाताचा पेंढा हे कोकणातलं उत्तम आच्छादन. परसबागेला आणि छोट्या वाफ्यांना तरी मल्चिंग कागदाची गरज नाही. मोठ्या क्षेत्रावर कागद अंथरलाच, तर तो एकाच हंगामासाठी, आणि वळवाच्या पहिल्या सरीआधी कडेच्या मातीतून उकरून काढायचा. रोपवाटिकेच्या मातीत घालायचं शेणखत चाळून घ्यावं. बी रुजतं ते पहिल्या दोन-तीन बोटांच्या थरात, तेवढा थर स्वच्छ ठेवला तरी निम्मं काम झालं. मोरीचं पाणी अळवाला द्यावं, वाफ्याला देऊ नये.

आणि स्वतः तपासून पाहावं. त्यासाठी यंत्र लागत नाही. बादलीभर पाण्यात विरघळेल तेवढं जाडं मीठ घालायचं, त्यात शेतातली सुकी, चाळलेली माती ढवळून रात्रभर ठेवायची. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन आणि थर्मोकोल तरंगून वर येतात. पालापाचोळाही येतो, तो भिंगाखाली वेगळा करावा लागतो. पॉलिएस्टरचे धागे मात्र जड असल्याने तळाशीच राहतात, ही या पद्धतीची मर्यादा लक्षात असू द्यावी. उगवणीसाठी एका तबकात शेताची माती, दुसऱ्यात रानातली, प्रत्येकात मोजून शंभर बिया, आणि रोज दोनदा नोंद. अंतिम आकडा दोन्हीकडे सारखा येईलही. किती तासांनी किती उगवल्या ते लिहून ठेवा. माती वेगळी असली की फरकाची कारणंही अनेक असतात, हे खरं, पण प्रश्न विचारायला तेवढं पुरतं. पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगला प्रकल्प तालुक्यात मिळायचा नाही, आणि खाडीकाठच्या मुलांना मीठ कुठून आणायचं हे सांगायला नको.

सरकारकडे मागायची गोष्ट एकच आहे. २०१५पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा रकाने असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. तेरावा रकाना प्लास्टिकचा हवा. सगळ्या राज्यात एकदम जमत नसेल तर सुरुवात खारेपाटातून आणि कुंडलिकेच्या कालव्याखालच्या गावांतून करावी. ग्रामसभेचा ठराव करून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ही मागणी लेखी देता येते.  मातीचा नमुना काढायला वालाच्या पेरणीआधीचे दिवस योग्य असतात.